वार लावून अभ्यास

परवा दुपारी जेवण करून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात दारातून हाक आली, "सर, आहात का घरात?"

आवाज ओळखीचा. माझीच जुनी विद्यार्थिनी. तीस वर्षांपूर्वी सातवीत होती. गणितात इतकी हुशार, की फळ्यावर उदाहरण लिहून होईपर्यंत हिचं उत्तर तयार असायचं. पण सातवीनंतर शाळा सुटली आणि मांडीवर विड्यांचं सूप आलं, ते आजतागायत. आता आमच्या कुंभारीच्या रे नगरात त्यांना घर मिळालंय. (बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो, रे नगर म्हणजे विडी कामगार, यंत्रमाग कामगार अशा असंघटित कष्टकऱ्यांची ३० हजार घरांची वसाहत. त्यातली पहिली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. तेव्हा तुम्ही टीव्हीवर आमचं कुंभारी पाहिलंही असेल!)

बरोबर तिची मुलगी होती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कॉम्प्युटर शाखेत. कॉलेज खाजगी.

"सर, हिला कसला तरी इंग्लिश पेपर पाहिजे म्हनती. नेटवर पैसे मागायलेत की हो. तुम्ही जरा बघा."

'पेपर' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आधी परीक्षेचा पेपर आला. जन्मभर तेच तपासले ना! मग पोरीने समजावून सांगितलं. पेपर म्हणजे शोधनिबंध. एखाद्या संशोधकाने काही नवीन शोधलं, की ते तो एका नियतकालिकात छापतो. पुढच्याने ते वाचायचं आणि त्याच्यापुढे पाऊल टाकायचं.

तिचा प्रकल्प ऐकून मी उठूनच बसलो. यंत्रमागावर टॉवेल विणला जात असताना वर एक कॅमेरा बसवायचा. धागा तुटला, गाठ आली, डाग पडला, की कॉम्प्युटरने ते लगेच ओळखायचं. आज हे काम माणसाच्या डोळ्यांनी होतं. तिचा मामा तेच काम करतो आणि संध्याकाळी त्याचे डोळे लाल झालेले असतात. कॉम्प्युटरला आधी चांगल्या आणि खराब कापडाचे हजारो फोटो दाखवायचे, त्यातून तो आपोआप शिकतो, म्हणे. माझ्या बी.ए.च्या डोक्यात हे जेवढं शिरायचं तेवढं शिरलं. पण एवढं मात्र कळलं, की सोलापूरच्या पोरीने सोलापूरच्या मागासाठी काही करायचं मनात आणलंय. ह्याहून चांगला प्रकल्प कुठला असणार?

आता तिची अडचण. कापडातले दोष कॅमेऱ्याने ओळखण्यावर जगात बरंच काम झालंय. ते वाचल्याशिवाय हिने सुरुवात करणं म्हणजे चाकाचा शोध पुन्हा लावणं. तिने मोबाइलवर एक निबंध उघडून दाखवला. वर शीर्षक, खाली लेखकांची नावं, मग आठ-दहा ओळींचा सारांश. आणि त्याखाली कुलूप! बाकीचं वाचायचं असेल तर तीस डॉलरच्या वर पैसे भरा. म्हणजे आपले अडीच हजार रुपयांहून जास्त. एका निबंधाचे! आणि हिला वाचायचे होते वीस तरी.

तिच्या आईने हिशेब विचारला. मी सांगितला. ती काही बोलली नाही. पण अडीच हजारांसाठी किती हजार विड्या वळाव्या लागतात ते गणित तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

"कॉलेजच्या लायब्ररीत नाही का?" मी विचारलं.

"नाही सर. क्रमिक पुस्तकं आहेत. हे जर्नल घेत नाहीत. लायब्ररीतले सर म्हणाले, सरकारने नवीन योजना काढलीय, पण ती आपल्यासाठी नाही."

हे शेवटचं वाक्य मला टोचलं. आपल्यासाठी नाही म्हणजे काय? म्हणून गेले काही दिवस मी ही योजना समजून घेतोय. जे समजलं ते, आणि त्यावर मला काय वाटतं ते, आज लिहितोय.

योजनेचं नाव आहे 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे 'एक राष्ट्र, एक वर्गणी'. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. २०२५, २०२६ आणि २०२७ अशा तीन वर्षांसाठी सुमारे ६००० कोटी रुपये. पूर्वी बऱ्याच संस्था आपापली वर्गणी भरायच्या. कुणाला परवडायचं, कुणाला नाही. आता सरकारने सगळ्यांच्या वतीने एकदाच सौदा केला. जगातले ३० मोठे प्रकाशक आणि त्यांची जवळजवळ १३ हजार नियतकालिकं. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरवाल्यांना ज्यांच्यावाचून चालत नाही ती 'आय-ट्रिपल-ई' ही संस्था त्यात आहे. एल्सव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली ही बडी मंडळीही आहेत. देशातल्या ६३०० हून अधिक संस्थांतल्या जवळजवळ १ कोटी ८० लाख विद्यार्थ्यांना, प्राध्यापकांना आणि संशोधकांना हे सगळं वाचायला खुलं झालं. कारभार बघते ती गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही विद्यापीठ अनुदान आयोगाची संस्था.

मास्तरकीची सवय जात नाही, म्हणून भागाकार करून पाहिला. ६००० कोटी भागिले १ कोटी ८० लाख. माणशी तीन वर्षांचे सुमारे ३३३३ रुपये. वर्षाचे अकराशेच्या आसपास. तिकडे एका निबंधाला अडीच हजार आणि इकडे वर्षभर १३ हजार नियतकालिकं अकराशेत! एकट्याने गेलो तर लूट आणि सगळे मिळून गेलो तर वाजवी भाव, हे आपल्या सहकारी चळवळीने महाराष्ट्राला कधीच शिकवलंय. तेव्हा ही योजना चांगली आहे, हे आधी मोकळ्या मनाने म्हणतो. म्हातारी माणसं सरकारला नुसती नावं ठेवतात असं तुमच्यातल्या तरुणांना वाटतं, म्हणून मुद्दाम म्हणतो.

पण... हा 'पण' मोठा आहे.

ही दारं उघडली ती सरकारी संस्थांसाठी. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्था. खाजगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत. वरवर पाहिलं तर रास्त वाटतं. सरकारचा पैसा, सरकारी संस्था. पण जरा आपल्या भागाकडे बघा. आपल्या सोलापूर जिल्ह्यातली इंजिनिअरिंगची पोरं शिकतात कुठे? सोलापुरात काय, पंढरपुरात काय, बहुतेक सगळी खाजगी कॉलेजांत. महाराष्ट्रात १९८३ च्या सुमारास विनाअनुदानित कॉलेजांची लाट आली, तेव्हापासून इंजिनिअरिंगचा भार खाजगी संस्थांनीच उचललाय. सरकारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. तिथे प्रवेश मिळायला टक्के लागतात, आणि तेवढे टक्के मिळवायला बऱ्याचदा लातूर-पुण्याचे क्लास लागतात. म्हणजे ज्याच्या घरी थोडं बरं आहे तो सरकारी कॉलेजात, आणि विडी कामगाराची पोर खाजगीत. आमच्या वेळी उलटं होतं!

आणि गंमत पुढेच आहे. ह्या मुलीची शिकवणीची फी भरतं कोण? सरकार! २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केली. खाजगी कॉलेजांतसुद्धा. फार मोलाचा निर्णय. त्यामुळे कितीतरी पोरी शिकताहेत. मग मला सांगा, वर्गात बसवायला सरकार ह्या मुलीला 'आपली' मानतं, आणि ग्रंथालयाच्या दारात मात्र ती 'खाजगी' कशी होते?

आपलं सोलापूर विद्यापीठ घ्या. २००४ साली एका जिल्ह्यापुरतं स्थापन झालं, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव त्याला आहे. सरकारी विद्यापीठ म्हणून ते योजनेत बसतं. केगावला त्यांच्या आवारात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही नियतकालिकं उघडता येतात. त्याच विद्यापीठाला संलग्न असलेल्या खाजगी कॉलेजातल्या विद्यार्थ्याला येत नाहीत. परीक्षा तीच, शिक्का तोच, सही तीच. फक्त इमारत वेगळी.

माझा एक पुतण्या पुण्यात असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "काका, खाजगी कॉलेजं लाखो रुपये फी घेतात. त्यांनी स्वतःच्या खिशातून वर्गणी भरावी. सरकारने त्यांचे लाड का करायचे?"

मुद्दा खोटा नाही. काही संस्थाचालकांनी इमारतीच्या संगमरवरावर जेवढा खर्च केला त्याच्या दहावा हिस्साही पुस्तकांवर केला नाही, हे मलाही दिसतं. पण शिक्षा कुणाला होतेय? संस्थाचालकाला निबंध वाचायचेच नाहीत. वाचायचेत पोरीला. मास्तर म्हणून एक शिकलो होतो. बापाने फी थकवली म्हणून पोराला वर्गाबाहेर उभं करायचं नसतं. हवं तर संस्थांकडून त्यांचा वाटा वसूल करा, नियम करा, वर्गणी भरल्याचा दाखला मागा. पण मुलांसाठी दार आधी उघडा आणि हिशेब मागून करा.

आता ह्या धंद्याचं आणखी एक आश्चर्य सांगतो. मला वाटलं होतं, एवढे पैसे घेतात म्हणजे लेखकाला चांगलं मानधन मिळत असणार. तर नाही! शोधनिबंध लिहिणाऱ्याला दमडी मिळत नाही. तो निबंध बरोबर आहे का हे तपासणारे दुसरे विद्वानही बहुतेक फुकटच तपासतात. (आम्हाला निदान उत्तरपत्रिकेमागे काही पैसे मिळायचे!) संशोधकाचा पगार, प्रयोगशाळा, वीज हे बहुतेक वेळा लोकांच्या करातून. आणि मग तेच संशोधन त्याच लोकांनी पैसे देऊन वाचायचं. आमच्या दुष्काळी भागात ह्याला सोपं उदाहरण आहे. विहीर गावाची, पाणी गावाचं, आणि टँकरवाला तेच पाणी गावाला विकतोय! प्रकाशकाचं काहीच काम नाही असं मी म्हणत नाही. संपादन, मांडणी, जतन ह्याला खर्च आहेच. टँकरलाही डिझेल लागतं. पण भाव कशाचा लावायचा, डिझेलचा की तहानेचा?

मग पोरं काय करतात? चोरवाट शोधतात. साय-हब नावाची एक साइट आहे, तिथे लाखो निबंध फुकट मिळायचे. बड्या प्रकाशकांनी २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात तिच्याविरुद्ध दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती साइट भारतात बंद करण्याचा आदेश झाला. आता मी जन्मभर मुलांना 'चोरी करू नये' शिकवलं. हिला मी चोरवाट दाखवणार नाही. पण पुढचं दार बंद ठेवून मागच्या दारावर पहारा बसवला, तर आतल्या धान्याचा उपयोग कुणाला, हाही प्रश्न मनात येतोच.

शेवटी आम्ही तिसरा मार्ग धरला. निबंधाच्या पहिल्या पानावर लेखकाचा ई-मेल पत्ता असतो. तिने इंग्रजीत एक पत्र लिहिलं. मी त्यातली दोन विशेषणं कमी केली आणि एक 'कृपया' वाढवला. आम्ही सोलापुरात असतो, इथे टॉवेल आणि चादरी विणतात, मला तुमचा निबंध वाचायचा आहे पण विकत घेणं शक्य नाही, असं साधं सरळ पत्र. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं! परदेशातल्या कुणा प्राध्यापक बाईंचं. निबंध तर पाठवलाच, वर आणखी दोन पाठवले आणि तुझं काम झालं की मला कळव असंही लिहिलं. पोरगी नाचत आली घरी.

मला आनंद झालाच. पण रात्री झोप येईना. कारण मला माझे वडील आठवले.

वडील वार लावून शिकले. आजच्या मुलांना सांगावं लागेल. गरीब घरातला मुलगा शिकायला शहरात यायचा, तेव्हा सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या, असे सात घरांचे सात वार ठरवून जेवायचा. जेवू घालणारी माणसं चांगली असायची. पण एखाद्या घरी कुणी आजारी असलं, कुणी गावाला गेलं, की त्या दिवशी उपास. आणि जेवण मिळालं तरी मान खाली. वडील म्हणायचे, पोट भरायचं रे, पण घास मोजले जाताहेत असं वाटत राहायचं.

त्या बाई फार भल्या. पण ह्या पोरीचा अभ्यास हा वार लावूनच चाललाय ना? सोमवारी ह्या प्राध्यापकाची दया, मंगळवारी त्या मित्राचा पासवर्ड, बुधवारी उपास. वीस निबंधांपैकी सात मिळाले. पाच जणांनी उत्तरच दिलं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहं उभारली, 'कमवा आणि शिका' म्हटलं, ते कशासाठी? मुलाने कुणाच्या दारात न जाता ताठ मानेने शिकावं म्हणून. शंभर वर्षांनी जेवणाचे वार संपले, आणि ज्ञानाचे वार सुरू झाले.

ह्या निमित्ताने डॉ. रंगनाथन यांच्याबद्दल पुन्हा वाचलं. ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे आद्य गुरू. मूळचे गणिताचे मास्तर, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला नियम, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. प्रत्येक वाचकाला, हं! प्रत्येक सरकारी संस्थेतल्या वाचकाला असं त्यांनी म्हटलेलं नाही. चौथा नियमही मला आवडतो, वाचकाचा वेळ वाचवा. ह्या पोरीचा महिना नुसता पत्रं लिहिण्यात गेला.

आता कुणी म्हणेल, फुकट काहीच मिळत नाही का? मिळतं, आणि पुष्कळ मिळतं. ते मुद्दाम इथे लिहितो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरात इंजिनिअरिंगची पोरं आहेत. कॉम्प्युटर, गणित, भौतिकशास्त्र ह्या विषयांतले संशोधक आपले निबंध छापायच्या आधीच 'अर्काइव्ह' नावाच्या ठिकाणी ठेवतात. १९९१ पासून ते चालू आहे आणि सगळ्यांना मोफत आहे. कॉम्प्युटरवाल्यांची एसीएम ही जुनी संस्था. तिने २०२२ साली आपले १९५१ ते २००० या काळातले निबंध खुले केले, आणि जानेवारी २०२६ पासून सगळंच खुलं करायचं ठरवलं. म्हणजे मनात आणलं तर होतं! भारतातल्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर मिळतात. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण झालं. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर ऐकता येतात. आणि मराठीत हवं असेल तर तांत्रिक शिक्षण परिषदेच्या 'ई-कुंभ' या संकेतस्थळावर इंजिनिअरिंगची मराठी पुस्तकं आहेत. (कुंभारीकराला हे नाव आवडणारच!)

शोधगंगेवर ह्याच विषयावरचे प्रबंध शोधताना पोरीला इतकं काही सापडलं, की म्हणाली, "सर, हे आम्हाला पहिल्या वर्षीच कुणी सांगितलं असतं तर!"

इथे माझा दुसरा मुद्दा आहे. नुसतं कपाट उघडून भागत नाही, कपाटापाशी माणूस लागतो. आमच्या शाळेत सरकारी योजनेतून विज्ञानाच्या साहित्याची पेटी आली होती. आठ वर्षं ती पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात होती, मोडेल म्हणून! आणि जिथे उघडली तिथेही कशाचं काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. १३ हजार नियतकालिकांची तीच गत होऊ शकते. निबंध कसा शोधायचा, आधी सारांश, मग आकृत्या, मग निष्कर्ष असं कसं वाचायचं, कुठलं नियतकालिक खरं आणि कुठलं पैसे घेऊन काहीही छापणारं, हे शिकवावं लागतं. ते शिकवणारा माणूस म्हणजे ग्रंथपाल. ज्याची जागा रिटायर झाल्यावर भरायची सगळ्यात शेवटी आठवण होते तो! मुलं वाचत नाहीत, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दुकानातून तयार विकत आणतात, अशी तक्रार मीही ऐकतो. पण वाचायला मिळत नाही आणि वाचायला कुणी शिकवत नाही, तर विकत आणतील नाहीतर काय करतील?

मग करायचं काय? मला सुचलेलं सांगतो.

योजनेची आखणी करताना तीन टप्पे बोलले गेले होते. आधी सरकारी संस्था, मग खाजगी संस्था, आणि शेवटी सार्वजनिक ग्रंथालयांतून सगळे नागरिक. माझं म्हणणं आहे, तिसरा टप्पा आधी आणा. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावी दहा हजारांहून जास्त सार्वजनिक वाचनालयं उभी आहेत. एवढं जाळं फार थोड्या राज्यांत आहे. सगळीकडे नको, आधी प्रत्येक तालुक्याला एक. सोलापुरात जिल्हा ग्रंथालय आहे, हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे. तिथे दोन कॉम्प्युटर ठेवा, एक शिकवलेला माणूस बसवा. जो येईल त्याला वाचू द्या. कॉलेजचं ओळखपत्र विचारू नका. मामासारखा यंत्रमागावरचा एखादा माणूस आला, कापडाबद्दल वाचायचं म्हणाला, तर त्यालाही बसू द्या. मला तर वाटतं, उद्या रे नगरातही असं एखादं वाचनालय व्हावं. घरं झाली, आता पोरांना बसून वाचायला जागा हवी.

प्रकाशक म्हणतील, सगळ्यांना दिलं तर आम्ही खाणार काय? २०२७ अखेर हा करार संपेल, तेव्हा पुन्हा वाटाघाटी होतील. तेव्हा हे मागून घ्यावं. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाने भाव करायला लाजू नये. सोलापूरच्या टिळक चौकात चादर घेताना आपण लाजतो का?

आणि तिसरी गोष्ट आपल्या हातातली. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ सालीच धोरण केलंय, की त्यांच्या पैशातून झालेल्या संशोधनाची प्रत सगळ्यांसाठी खुली ठेवावी. आपल्या नात्यात, ओळखीत जे प्राध्यापक आहेत (आणि आहेत, मला माहीत आहे कोण कोण ते!) त्यांना माझी विनंती आहे. नियमात बसत असेल तिथे आपल्या निबंधाची एक प्रत खुल्या जागी ठेवा. आणि कुणा अनोळखी गावातल्या अनोळखी पोराचं पत्र आलं, तर उत्तर द्या. त्या बाईंनी दिलं तसं.

दया नको, हक्क हवा, असं मी वर म्हणालो आणि आता दयाच मागतोय, असं पुतण्या म्हणेल. बरोबर आहे. पण हक्क मिळेपर्यंत पोरांनी उपाशी राहायचं का? वडिलांना जेवू घालणारी सात घरं नसती, तर ते शिकले नसते, आणि मीही मास्तर झालो नसतो. वार वाईट नव्हता. वार लावायची वेळ येणं वाईट होतं.

पोरीचं काम चाललंय. परवा सांगत होती, कॉम्प्युटर आता तुटलेला धागा ओळखतो, पण डाग आणि सावली यांत अजून फसतो. त्यावर एक निबंध आहे म्हणे, पण कुलपात. पत्र पाठवलंय.

दर गुरुवारी संध्याकाळी ती माझ्याकडे येते. तिने आणलेला निबंध आम्ही दोघं वाचतो. इंग्रजी अडलं तर मी शब्दकोश काढतो, गणित अडलं तर तिची आई बाजूला बसून ऐकते आणि एखादं वाक्य असं टाकते की आम्ही दोघं गप्प होतो. तीस वर्षांपूर्वीची फळ्यापुढची पोर अजून आत आहे.

तेव्हा तूर्त आमच्याकडे तिचा वार गुरुवारचा. बाकीचे सहा वार तुम्ही वाटून घ्या.